खिडकीची वर्गणी

घड्याळजींच्या दुकानाला खिडकी होती, पण ती उघडली की समोर भिंत होती. हात लांब केला तर टेकेल इतकी जवळ. तीस वर्षं घड्याळजी डोळ्याला भिंग लावून त्या खिडकीशी बसले होते आणि भिंग काढल्यावर त्यांना भिंत दिसत होती. त्यामुळे शाळेतल्या बाई जेव्हा म्हणाल्या, "इंटरनेटवर दुसऱ्याची खिडकी मिळते म्हणे, महिन्याच्या वर्गणीवर," तेव्हा घड्याळजींच्या हातातला चिमटा हवेतच राहिला. या बाईंचं गजराचं घड्याळ वर्षातून चारदा बिघडायचं. निदान बाई तरी तसं सांगायच्या.

गोष्ट खरी निघाली. जगात कुठे कुठे लोकांनी आपापल्या खिडकीत कॅमेरे लावून ठेवले होते आणि पहिला महिना फुकट होता. घड्याळजींनी घरातला जुना टीव्ही दुकानात आणून भिंतवाल्या खिडकीशेजारी टांगला. एक बर्फाळ रस्ता पाहिला, एक वाळवंट पाहिलं, आणि तिसऱ्या खिडकीशी ते थांबले ते थांबलेच.

खाली एक अंगण होतं. अंगणापलीकडे उतार आणि उताराखाली पाणी, सकाळी राखाडी आणि दुपारी हिरवट. अंगणात एक म्हातारा एकटाच होडी बांधत होता. फळी तासायचा, तिच्यावरून तळवा फिरवायचा, पुन्हा तासायचा. आवाज काहीच येत नसे. फक्त रंध्याखालून सालपटं वळत वळत पडायची आणि वाऱ्यानं उताराकडे सरकायची. दुकानातली चौदा घड्याळं टिकटिकत असायची, आणि काही दिवसांनी घड्याळजींना वाटायला लागलं की ती टिकटिक त्या पाण्यातूनच येतेय. एखादं घड्याळ उघडून ते बसायचे आणि अर्ध्या तासानं आपण नेमकं काय करत होतो ते त्यांना आठवायचं नाही. गंमत म्हणजे काम आधीपेक्षा बरं व्हायचं.

अंगणाच्या कडेला एक शेड होती, तिच्या दारावर म्हाताऱ्यानं खडूनं एक आकडा लिहिला होता. एकशे बावीस. दुसऱ्या दिवशी एकशे एकवीस. घड्याळजींच्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. ज्या दिवशी शून्य, त्या दिवशी होडी पाण्यात. हे आपण बघायचंच. आयुष्यात त्यांनी कुठल्याच गोष्टीसाठी एवढा हट्ट धरला नव्हता, लग्नासाठीसुद्धा नाही.

फुकटचा महिना संपत आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात प्रश्न उमटला : वर्गणी कशी भरणार?

"माझं ऐका," बायको म्हणाली. ती दुकानाचं काउंटर सांभाळायची. "वेगळं एक कार्ड काढा, त्याला छोटी मर्यादा घाला, आणि दर महिन्याला मेसेज आला की बघून हो म्हणायचं. संपलं."

संपलं असतं. पण तेवढ्यात तिचा मोठा भाऊ दुकानात शिरला. मेहुण्यांचा धंदा कुलपांचा आणि तिजोऱ्यांचा. ते स्वतःच्या घरात शिरतानाही आधी दाराकडे संशयानं बघायचे.

"दर महिन्याला?" मेहुण्यांनी छातीवर हात ठेवला. "म्हणजे दार सताड उघडं ठेवून झोपायचं! भावोजी, हे लोक एकदा खात्यात शिरले की घरजावई होतात."

"दादा, मर्यादा घालणारच आहोत की."

"मर्यादा हवीच. वेगळं खातंही हवं. पण परवानगीचा मेसेज ज्या फोनवर येतो, तो फोन काउंटरवर लोळत असतो, त्याचं काय?"

घड्याळजींनी टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर संध्याकाळ होत होती. म्हाताऱ्यानं अवजारं आवरली, होडीच्या टोकाला साखळी अडकवली, ती एका खांबाला गुंडाळली, मोठंसं कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. मेहुणे पुढे सरकले.

"दोनदा ओढलं," ते हळूच म्हणाले. "हा माणूस शहाणा आहे." आणि त्या क्षणापासून ही खिडकी त्यांचीही झाली.

आठवड्याभरात पेटी तयार झाली. पोलाद मेहुण्यांचं, आतलं घड्याळ घड्याळजींचं. पेटीला किल्लीच नव्हती, कारण किल्ली असली की ती चोरीला जाते असं मेहुण्यांचं म्हणणं. आत एक जुना फोन, त्याचा नंबर तिघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. चार्जरची वायर जाईल एवढं एकच भोक. वर्गणी दर महिन्याच्या एक तारखेला, म्हणून पेटी उघडणार एक तारखेलाच, सकाळी दहाला, एका तासापुरती. तारखेसाठी घड्याळजींनी स्वतःच्या हातानं चकती कापली होती. तिच्यावर एक ते एकतीस आकडे त्यांनी इतक्या नाजूकपणे कोरले की मेहुण्यांना गहिवरून आलं.

पहिली वर्गणी भरून फोन आत ठेवला, पेटी काउंटरला बोल्टांनी पक्की केली आणि दार लावलं. पुढच्या एक तारखेला दहाचे ठोके पडताच पेटी खट् करून उघडली. फोनवर परवानगीचा प्रश्न होता, दोन तासांत हो म्हणा. तिघांनी मिळून हो म्हटलं आणि चहा घेतला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. शाळेतल्या बाई तर मुद्दाम साडी बदलून आल्या होत्या.

शेडच्या दारावरचा आकडा उतरत गेला. चाळीसला होडीला रंग लागला, निळा. वीसला वल्ही आली. आकडा दहाच्या आसपास आला तसा म्हातारा काम सोडून नुसताच होडीत बसायला लागला, जमिनीवरच, पाण्याकडे तोंड करून. घड्याळजींनाही मग काम सुचेना. ते समोर बसून राहायचे आणि दोघं मिळून पाण्याकडे बघायचे. शनिवारी आकडा एक होता.

रविवार उजाडला. तारीख एक. दुकानाला सुट्टी, तरी सगळे हजर. पडद्यावर म्हातारा स्वच्छ सदरा घालून अंगणात आला, दारावर भलंमोठं शून्य काढलं आणि दोन पावलं मागे जाऊन ते बघत उभा राहिला. इकडे चौदाच्या चौदा घड्याळांनी दहा वाजवले.

पेटी उघडली नाही.

आतून मात्र फोन वाजला. टुण्.

"मेसेज आला," बाई म्हणाल्या.

"उघडेल," मेहुणे म्हणाले. "पोलाद आहे, जरा वेळ घेतं."

पाच मिनिटं झाली. मेहुण्यांनी दार ओढलं. मग गुडघा टेकवून ओढलं. बायको मात्र काउंटरमागे मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजत होती.

"अहो," ती म्हणाली, "काल तीस होती ना?"

"हो."

"आणि त्या महिन्याला तीसच दिवस असतात."

घड्याळजींनी पेटीकडे पाहिलं. पेटीच्या आत या क्षणी एकतीस तारीख होती. आदले दोन्ही महिने ओळीनं एकतिसाचे आले म्हणून सगळं जुळलं होतं. तारखेचं घड्याळ नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला घड्याळजी तीस वर्षं न चुकता सांगत आले होते की, तीस दिवसांचा महिना संपला की बाजूची चावी ओढून तारीख हातानं पुढे करा, ती आपोआप होत नाही. चावी त्यांनी याही घड्याळाला ठेवली होती. पेटीच्या आत.

"म्हणजे उद्या उघडेल," बाई समजुतीनं म्हणाल्या.

"पण होडी आज जातेय!" घड्याळजी ओरडले. त्यांचा चढलेला आवाज दुकानात पहिल्यांदाच ऐकू आला आणि सगळ्यात जास्त दचकले ते स्वतःच.

"दोन तास आहेत," मेहुण्यांनी बाह्या सरसावल्या. "बाराला परवानगीची मुदत संपते, म्हणजे बाराला खिडकी बंद. पेटी मी केलीय, मीच उघडतो."

त्यांनी खिशातून तारा काढल्या आणि मग त्यांना आठवलं की या पेटीला किल्लीचं भोकच नाही. त्यांनी बिजागऱ्या तपासल्या. त्या आतल्या बाजूला होत्या. काउंटरखाली आडवं होऊन बोल्ट बघितले, तर बोल्टांची डोकी त्यांनीच घासून गुळगुळीत केली होती.

"कुणी केलंय हे!" ते काउंटरखालून म्हणाले.

"दादा, एक मात्र सिद्ध झालं," बहीण म्हणाली. "तू चोर नाहीस."

मेहुणे ड्रिल आणायला आपल्या कारखान्याकडे धावले. इकडे घड्याळजी खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसले. म्हातारा खांबाशी वाकला होता, पाठ कॅमेऱ्याकडे. बराच वेळ वाकलेलाच. निरोप घेतोय, घड्याळजींना वाटलं. एवढे महिने रोज हात फिरवलेल्या गोष्टीचा निरोप घ्यायला वेळ लागणारच.

"घे बाबा, सावकाश घे," ते पुटपुटले. "पण बाराच्या आत घे."

मेहुणे घामाघूम होऊन परतले तेव्हा काटे जवळजवळ एकावर एक आले होते. त्यांनी ड्रिलची वायर खुपसली, आणि त्याच क्षणी चौदा घड्याळांनी बारा वाजवायला सुरुवात केली. दुकान दणाणून गेलं. शेवटचा ठोका विरला तेव्हा पडदा काळा होता.

"गेली," बाई म्हणाल्या.

मेहुण्यांनी तरीही ड्रिल लावलं. तीन पाती मोडली. पेटीवर ओरखडासुद्धा उठला नाही. चौथं पातं हातात धरून ते खाली बसले आणि म्हणाले, "भावोजी, माफ करा. माझं काम फारच चांगलं आहे."

कुणी हसलं नाही. घड्याळजी काळ्या पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू बोलायला लागले.

"आता त्यानं साखळी काढलीय. होडीखाली गोल ओंडके सरकवलेत. खांदा लावतोय. होडी हलत नाही, मग एकदम हलते. त्यालाच आश्चर्य वाटतं. उतारावर ती आपली आपण चालते, आणि तो बाजूनं चालतोय, तिच्या काठावर हात ठेवून. सालपटं सगळी पायाखाली. पाणी आज अगदी शांत आहे. आधी टोक शिरतं, मग पोट. निळा रंग पाण्यात उतरतो. आता होडी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही..."

बाईंनी डोळे मिटले होते. मेहुण्यांचा हात नकळत समोरच्या काउंटरच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं या माणसाला आपण मुका समजत होतो, या विचारानं तिला एकदम भरून आलं. डोळे पुसत ती उठली.

"चहा टाकते," म्हणत तिनं विजेची किटली उचलली, बटणाच्या फळीशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"दादा."

"काय?"

"ड्रिल लावताना तू कशाची वायर काढलीस?"

जमिनीवर टीव्हीची पिन पडली होती. तिनं ती उचलून जागेवर खुपसली. पडदा लुकलुकला, आणि अंगण उजळलं.

होडी होती तिथेच होती. म्हातारा अजून खांबाशीच वाकला होता. आता त्याचा सदरा मळला होता आणि दोन्ही हातांनी तो कुलपाशी झटापट करत होता.

"जोर लावतोय!" मेहुणे उडालेच. "अहो, जोर नका लावू! किल्ली थोडी मागे ओढा! मागे! आणि मग डावीकडे!"

"त्याला ऐकू जात नाही, दादा."

"किल्ली मोडेल हो!"

किल्ली मोडली. म्हाताऱ्यानं हातातला तुकडा बघितला. मग होडीकडे, पाण्याकडे, दारावरच्या शून्याकडे. तो शेडमध्ये गेला आणि करवत घेऊन आला. साखळीकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. खांबाशी गुडघे टेकले आणि ज्या कामात त्याचा जन्म गेला तेच काम शांतपणे सुरू केलं. लाकूड कापायला लागला.

खांब पडला. होडी उतारावर निघाली, मागे साखळी, साखळीच्या टोकाला खांबाचा तुकडा आणि त्याच्यावर कुलूप. म्हातारा तिच्या काठावर हात ठेवून बाजूनं चालत होता. घड्याळजींनी सांगितलं होतं अगदी तसा. आधी टोक शिरलं, मग पोट. मग तो आत चढला, वल्ही घेतली आणि खांबाचा तुकडा बदकाच्या पिलासारखा मागे तरंगत गेला.

"कुलूप शेवटपर्यंत उघडलं नाही," मेहुणे म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

होडी ठिपक्याएवढी झाली तरी कुणी उठलं नाही.

सोमवारी दहाला पेटी खट् करून उघडली. फोनवर दोन मेसेज होते. पहिला परवानगीचा, मुदत संपलेला. दुसरा असा : काही हरकत नाही, वर्गणी सात दिवसांत कधीही भरा, तोवर खिडकी चालूच राहील.

मेहुण्यांनी तो दोनदा वाचला. मग बायकोनं फोन उचलला आणि काउंटरवर आपल्या चष्म्याशेजारी ठेवला. "मर्यादेचं कार्ड आहे. मेसेज माझ्यासमोर येईल. मी बघेन आणि हो म्हणेन. संपलं."

"संपलं," मेहुणे खाली मान घालून म्हणाले. "पण आता वर्गणी भरायची कशाला? होडी तर गेली."

अंगण खरंच रिकामं होतं. सालपटंही उडून गेली होती. घड्याळजींनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पडद्यावर पाणी तेवढं होतं, आणि ते पाहून त्यांना भिंतीची आठवण यायला लागली.

तेवढ्यात उतारावरून म्हातारा वर आला. खांद्यावर दोन नव्या कोऱ्या फळ्या होत्या. त्यानं त्या अंगणात ठेवल्या, शेडच्या दारावरचं शून्य बाहीनं पुसलं आणि खडूनं नवा आकडा लिहिला. तीनशे चाळीस. मग फळ्या दोरीनं एका खुंटीला बांधल्या, साधी गाठ मारली आणि घरात निघून गेला.

फोन वाजला. परवानगीचा प्रश्न पुन्हा आला होता. बहिणीनं हात पुढे करण्याआधीच मेहुण्यांनी फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं.

"कुलूप लावलं नाही त्यानं," ते खुर्ची ओढत काळजीनं म्हणाले. "आता रोज येऊन लक्ष ठेवावं लागणार."