डाव्या कडेचा गायक

टीव्हीवर गायचं नक्की झालं, त्याच दिवशी लाँड्रीवाल्याने बायकोला बजावलं, "तुझ्या वडिलांना बोलावून घे. जावई काय चीज आहे, कळू दे एकदा!"

सासऱ्यांचं मत लग्नापासून एकच होतं : जावई नुसता थापाड्या. खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

रविवारी सकाळी सगळे त्या जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीपुढे बसले. गल्लीतल्या दुकानदारांचं समूहगान सुरू झालं. मधोमध किराणावाला दिसला, न्हावी दिसला, अगदी चष्मेवालासुद्धा दिसला. आणि गाणं संपलं.

"जावईबापू, तुम्ही कुठे होता?" सासऱ्यांनी विचारलं.

"डावीकडे! चष्मेवाल्याला खेटून!"

"तिथे तर टीव्हीच संपतो."

सासरे गालातल्या गालात हसले. लाँड्रीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तडक केबलवाल्याला फोन लावला.

"अहो, आता कार्यक्रम एचडीत घेतात, रुंद पडद्यासाठी," केबलवाला म्हणाला. "जुन्या टीव्हीत दोन्ही कडा कापल्या जातात. हळूहळू सगळीकडे नवे टीव्ही येतील. पाच-सहा वर्षांत दिसाल तुम्ही."

"पाच-सहा वर्षं? सासरे आज संध्याकाळी परत निघालेत!"

"मग दातांच्या डॉक्टरांकडे जा. गल्लीत एचडी तेवढं त्यांच्याकडेच आहे. दुपारी पुन्हा दाखवणारेत."

झालं! सगळा लवाजमा डॉक्टरांच्या घरी. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मनाने सोफा रिकामा करून दिला. रुंद टीव्ही लागला आणि तेव्हा कुठे लाँड्रीवाल्याची ट्यूब पेटली. रागाच्या भरात तो एक गोष्ट साफ विसरला होता. गाताना अंगात घातलेला करडा कोट याच डॉक्टरांचा होता. डॉक्टरीणबाई कधीपासून तो मागत होत्या आणि हा दर वेळी मान हलवून सांगे, "वहिनी, डाग फार चिवट आहे हो. घाई केली तर कापड जाईल."

"राहू दे ना," तो धडपडत उठला. "बाबांची गाडी चुकेल."

"गाडीला अवकाश आहे," सासरे म्हणाले. "की याही टीव्हीत मावत नाही तुम्ही?"

गाणं सुरू झालं. डाव्या कडेला लाँड्रीवाला उभाच्या उभा, कोटाच्या बटणांसकट!

"अरे, खरंच आहे की हा!" सासरे चष्मा सावरत ओरडले. जावयावर त्यांनी विश्वास ठेवलेला हा पहिलाच प्रसंग. पण त्याचा आनंद मानायला लाँड्रीवाला शुद्धीवर होता कुठे? डॉक्टर खुर्चीवरून उठले होते आणि पडद्याला नाक लावून त्याच्याकडेच बघत होते.

"हे काय करून ठेवलंत?" डॉक्टर कडाडले.

"चुकलं डॉक्टर! पण अगदी जपून..."

"कसलं जपून? वरची दाढ पार किडलीय! एवढा मोठा आ केलात म्हणून दिसली. उद्या सकाळी या, काढून टाकू."

लाँड्रीवाल्याचा जीव भांड्यात पडला. दाढ तर दाढ! एक सोडून चार काढा म्हणावं. "येतो, येतो! नक्की येतो!"

निघताना डॉक्टरीणबाई दारापर्यंत पोचवायला आल्या. सासरे पायऱ्या उतरेपर्यंत थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, उद्या येताना कोट घालूनच या. डाग छान निघालाय हो. स्वच्छ दिसलं सगळं."

लाँड्रीवाल्याची दाढ तिथल्या तिथे ठणकायला लागली.