एकशे त्रेचाळीस फुलदाण्या आणि एक दांडा

भांड्याची योग्यता त्यात काय ठेवायला मनाई आहे, यावरून ठरते. ज्यात काहीही ठेवता येतं ती बादली. ज्यात ठरावीक गोष्टीच ठेवता येतात ती बरणी. आणि ज्यात काहीच ठेवता येत नाही, ती संग्रहातली फुलदाणी. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. मोठ्या भावाच्या घरात राहून, निव्वळ निरीक्षणातून मी तो काढला आहे.

दादा विमा कंपनीत आहे. लोकांच्या आयुष्यात काय काय वाईट घडू शकतं याचा तो दिवसभर अंदाज बांधतो आणि संध्याकाळी घरी येऊन फुलदाण्या पुसतो. फुलदाण्या साध्यासुध्या नाहीत. दुसरं महायुद्ध संपल्यावर पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत युरोपात तयार झालेल्या, भाजल्या मातीच्या आणि काचेच्या. त्यातही पश्चिम जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया इथल्या उत्तम, कारण या नावाचे देश आता नकाशावर नाहीत. (कारखाना बंद पडला तर फुलदाणीचा भाव वाढतो. देशच बंद पडला तर विचारायलाच नको.) जे देश अजून चालू आहेत त्यांच्या फुलदाण्याही दादा घेतो, पण त्या खालच्या फळीवर राहतात.

अशा एकशे बेचाळीस फुलदाण्या घरात आहेत. (एकशे त्रेचाळिसावीची हकिकत पुढे येईल.) माणसं चार: दादा, वहिनी, आई आणि मी. म्हणजे माणशी पस्तीसहून थोड्या जास्त. शहरात दर माणशी झाडंसुद्धा इतकी नाहीत.

संग्रहातली सर्वांत मोलाची फुलदाणी नारिंगी आहे. तिला घरात 'ती' म्हणतात. ('ती जेवली का?' असं कुणी विचारलं तर मात्र ते आईबद्दल असतं.) तिच्या नारिंगी अंगावर उतू जाऊन करपलेल्या दुधासारखे काळे फोड आहेत. लेपात सिलिकॉन कार्बाइडची पूड मिसळून भट्टी तापवली की वायू सुटतो, बुडबुडे येतात, फुटतात आणि खड्डे राहतात. मी रसायनशास्त्र शिकले तिथे याला लेप बिघडणं म्हणत. संग्राहक याला लाव्हा म्हणतात. आईने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळजीने विचारलं, "हिला कांजिण्या आल्यात का रे?" त्यानंतर दादाने आईला संग्रहाबद्दल मत विचारणं बंद केलं.

जाणकार माणूस फुलदाणीचं तोंड बघत नाही. तो आधी तिला उलटी करतो आणि तळ बघतो. तळाशी दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकाराचा, दुसरा उंचीचा. आकडे आणि देश बरोबर असले की फुलदाणी सुंदर ठरते, आणि मग वेळ उरला तर सरळ करून तिच्याकडे बघतात. शहरात या जाणकारांचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांच्या खिशात अजूनही छोटा टॉर्च आणि दांडीचा आरसा असतो. पहिल्या भेटीत वहिनीने चहा दिला तेव्हा त्यांनी सवयीने कप उलटा करून तळ पाहिला. चहा सतरंजीवर गेला. "साधा आहे," ते म्हणाले. (कपाबद्दल.) आईने त्या दिवशीच त्यांचं नाव बुडबघे ठेवलं. मंडळाच्या सभेत टाळ्या वाजवत नाहीत, कारण टाळीने कंपनं होतात. आनंद झाला तर सभासद दोन्ही हात वर करतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्यांना कुणी बंदूक दाखवली आहे असं वाटतं.

इतक्या नाजूक संपत्तीला नियम लागतात. ते दादाने स्वतः केले, आणि विमा कंपनीतला अनुभव त्यात दिसतो. त्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे 'आवाज झाल्यावर करायची कार्यवाही'. घरात कुठेही काही पडल्याचा आवाज आला, तर पहिलं, आहात तिथे थांबायचं. (धावल्याने जमीन हादरते.) दुसरं, ज्यांच्या खोलीत आवाज झालेला नाही त्यांनी 'इथे नाही' असं मोठ्याने सांगायचं. तिसरं, मोजणी. चौथं, चौकशी. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की मागे माझ्या पायावर कुकरचं झाकण पडलं, तेव्हा मी आधी "झाकण!" असं ओरडले आणि नंतर "आई गं!" म्हणाले. दादाने दोन्हींची नोंद घेतली, आणि क्रमाबद्दल माझं कौतुक केलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

तिला व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. चौथ्या-पाचव्या खेपेला त्या पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. आईची खोली पॅसेजच्या एका टोकाला आहे आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला.

"इथे भिंतीला दांडा बसवून घ्या," त्या म्हणाल्या. "कमरेच्या उंचीवर. आजींना धरून चालता येईल. आत्ता पडल्या तर महागात जाईल, सांगून ठेवते."

"बसवतो की," दादा म्हणाला. "फक्त भिंत कुठे आहे ते दाखवा."

बाईंनी दोन्हीकडे पाहिलं. भिंत नव्हती. छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर युरोप होता.

"मग एका बाजूच्या फळ्या काढा."

वहिनी खाली बसली. तिला पाणी द्यावं लागलं.

रात्री जेवणं झाल्यावर घरात बैठक झाली. दादाने हा विषय भावनेच्या भरात निकालात काढला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याने दोन्ही धोके समोरासमोर मांडले. आई पॅसेजमधून दिवसातून मोजक्याच वेळा जाते. फुलदाण्या तिथे अखंड असतात. म्हणजे धोक्याचा अधिक काळ फुलदाण्यांच्या वाट्याला येतो. शिवाय आईचा गुडघा या वर्षीचा, 'ती' साठ वर्षांची. आणि गुडघा बदलता येतो हे नुकतंच सिद्ध झालं होतं. 'ती'चा तळ बदलता येत नाही. मी गणित तपासलं. गणितात चूक नव्हती.

"मग मी काय धरून चालू?" आईने विचारलं.

"धीर धरून," वहिनी म्हणाली. ती वाईट नाही. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"त्यापेक्षा माझ्याही तळाशी एखादा शिक्का मारून घ्या," आई म्हणाली. "म्हणजे मलाही एखादी फळी मिळेल. आणि दिवसाआड कुणी पुसेल तरी."

"आई, विषय गंभीर आहे," दादा म्हणाला.

दांड्याचा विषय पुढे ढकलण्यात आला. तात्पुरती सोय म्हणून आईने पॅसेजमध्ये दोन्ही हात अंगाशी धरून, मधोमध चालावं असं ठरलं. आईने ते शिकून घेतलं. एखादी बाई नाटकातल्या राणीसारखी चालताना दिसावी तशी ती बाथरूमला जाऊ लागली.

याच सुमारास फुलांचा प्रश्न निर्माण झाला. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर डेलिया फुलतात. आईला बरं वाटावं म्हणून त्या अधूनमधून चार फुलं आणून देत. घरात एकशे बेचाळीस फुलदाण्या असल्यामुळे फुलं ठेवायला काही नव्हतं. (फुलाला पाणी लागतं, पाण्याने तळाशी डाग पडतो, आणि डाग पडला की फुलदाणीची फुलदाणी होते.) आई ती अंघोळीच्या मगमध्ये ठेवायची. अंघोळीच्या वेळी फुलं बाहेर, अंघोळ झाली की आत.

मला ते बघवेना. मी ज्या प्रयोगशाळेत पाणी तपासते तिथल्या अडगळीतून एक जुना, मोठा बीकर आणला. कडेला टवका गेल्यामुळे तो कधीच बाद झाला होता. आईने फुलं त्यात लावली. जेमतेम संध्याकाळपर्यंत ती त्यात राहिली. संध्याकाळी बुडबघे आले, आईला "बरं आहे ना?" असं विचारता विचारता त्यांनी फुलं काढली, पाणी खिडकीतून ओतलं आणि बीकर उलटा केला. पुसट झालेल्या शिक्क्यात 'पश्चिम जर्मनी' अशी अक्षरं होती.

त्यांचे दोन्ही हात वर गेले.

"काय रेषा आहे!" ते म्हणाले. "एकही ओळ उगाच नाही!"

"त्या मिलिलिटरच्या खुणा आहेत," मी म्हणाले.

"तेच! बघा ना, अलंकारसुद्धा मोजून केलाय."

अशा रीतीने एकशे त्रेचाळिसावी फुलदाणी संग्रहात आली. तिला पॅसेजमध्ये वरून दुसरी फळी मिळाली. फुलं मगमध्ये परत गेली. "तुझं बरं आहे बाई," आई बीकरला म्हणाली. "आल्या आल्या बढती."

पुढच्या रविवारी दुपारी आमच्याकडे मंडळाची सभा होती. त्याच दिवशी आई पहिल्यांदा कुणी सोबत नसताना चालत होती, आणि त्या आनंदात काकूंनी पिवळीधमक डेलिया पाठवली होती. आईने बाथरूममध्ये मग भरला, फुलं लावली आणि तो डाव्या हातात घेऊन आपल्या खोलीकडे निघाली. अंगावर शाल, चाल राणीची. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, म्हणून मला सगळं दिसलं.

मगमधलं पाणी डचमळून फरशीवर सांडलं आणि आईचा पाय सरकला. टेकायला तिने उजवा हात पुढे केला. तिथे दांडा नव्हता, खालून तिसरी फळी होती. फळी हलली. 'ती' कडेला आली आणि कलली.

पुढचं अर्ध्या सेकंदाच्या आत झालं. तेवढ्या उंचीवरून जमिनीवर यायला वस्तूला तेवढाच वेळ लागतो, वस्तू कुठल्याही देशातली असो. एवढ्या वेळात हात एकच गोष्ट धरू शकतो. आईच्या हाताशी फळी होती आणि 'ती' होती. हाताने फळी सोडली आणि 'ती' धरली.

आई डाव्या अंगावर पडली. हातातला मग फरशीवर आपटला आणि खडखडत सभेच्या दारापर्यंत गेला.

"थांबा!" आतून दादा ओरडला.

सगळे थांबले. एका सभासदाचं बिस्कीट तोंडापाशीच राहिलं. मीही नियमाप्रमाणे होते तिथेच थांबले.

"इथे नाही!" दिवाणखान्यातून आवाज आला.

"इथे नाही!" वहिनी आतल्या खोलीतून म्हणाली.

दादा आणि बुडबघे पाय न वाजवता पॅसेजमध्ये आले. दादाने डावीकडून मोजायला सुरुवात केली, बुडबघ्यांनी उजवीकडून. मध्ये आई होती. दोघांनीही तिला काळजीपूर्वक ओलांडलं. एकाचाही धक्का तिला लागला नाही. मग आतल्या खोल्यांची मोजणी झाली. सगळ्या मिळून एकशे बेचाळीस. पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे बेचाळीस.

"कुठली?" वहिनीने दारातून विचारलं.

दादाने तिसऱ्या फळीकडे पाहिलं. तिथे धूळ नसलेलं एक वर्तुळ होतं. त्याचा चेहरा लेप न लावलेल्या मातीसारखा झाला.

"ती," तो म्हणाला.

मग जमिनीवरून आवाज आला.

"माझ्याजवळ आहे रे. धड आहे."

आईने शाल बाजूला केली. 'ती' तिच्या छातीशी होती, नारिंगी, उभी, जशीच्या तशी. दादाने वाकून दोन्ही हातांनी तिला घेतलं. बुडबघ्यांनी तिला उलटी केली, टॉर्च लावला, आरसा आत घालून फिरवला.

"केसभरही तडा नाही!"

पॅसेजमध्ये सगळ्यांचे हात वर गेले. वहिनीला रडू आलं. बिस्कीटवाल्या सभासदाने बिस्कीट खाल्लं.

"आजी, कमाल केलीत," बुडबघे भरल्या आवाजात म्हणाले. "भले भले संग्राहक अशा वेळी हातची फुलदाणी सोडून देतात."

"आता मला उचलता का?" आई म्हणाली.

"हो, हो," दादा म्हणाला. "एक मिनिट हं आई. आधी हिला ठेवून येतो."

सभेने आईला मानद सभासदत्व दिलं. असा मान मिळालेली ती पहिलीच व्यक्ती आहे जिने आयुष्यात एकदाही तळ पाहिलेला नाही.

या घटनेतून दादाने धडा घेतला नाही, असं कुणी म्हणू नये. दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि पॅसेजमध्ये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चकचकीत स्टीलचा दांडा बसला. तिसऱ्या फळीच्या कडेला, बरोबर कमरेच्या उंचीवर. आता कुणी कितीही धडपडलं तरी 'ती' खाली येणार नाही. व्यायामाच्या बाईंचा फोन आला, "बसवलात का दांडा?" दादा म्हणाला, "बसवला," आणि ते अक्षरशः खरं होतं. फक्त तो धरायचा नाही. भार पडला तर फळी हलते.

ही हकिकत मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितली. सगळी चांगली, समजूतदार, आईवडिलांवर माया असलेली माणसं. 'माझ्याजवळ आहे रे, धड आहे' इथे पोचल्यावर प्रत्येकाने सुटकेचा श्वास सोडला. तुम्हीही सोडलात, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. आईच्या डाव्या मनगटाचं काय झालं ते मी वर कुठेही लिहिलेलं नाही, आणि तिथून इथपर्यंत येताना तुमचंही कुठे अडलं नाही. याचा अर्थ आमच्या घरची पद्धत तुम्हाला शिकवावी लागणार नाही. आधी मोजणी, मग चौकशी. मोजणी बरोबर आहे, एकशे त्रेचाळीस. चौकशी सवडीने करा. आई घरीच असते.