यादोरावांच्या इंजिनाची आवक-जावक

पाहुण्यांना फाट्यावरून आणायला गावातल्या टेकचंदची भाड्याची जीप सांगायची नाही, घरचा टेम्पो न्यायचा, एवढंच यादोरावांनी ठरवलं होतं. निवृत्त माणसानं काही ठरवू नये. ठरवायचंच असेल तर संध्याकाळची भाजी ठरवावी, आणि तीही बायकोला विचारून.

त्यांच्या मुलीचं, स्नेहलचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलगा रत्नपाल, गोंदियाला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा मास्तर. मुलगा सरळ, पण त्याचे वडील केवळराम भारी चोखंदळ. आधीची दोन स्थळं त्यांनी "घरच्या लोकांचा ताळमेळ नाही" एवढ्याच कारणानं सोडली होती. म्हणजे त्या दिवशी परीक्षा स्नेहलची नव्हती (ती कधीच पास झाली होती), परीक्षा तिच्या बापाची होती. यादोरावांच्या बायकोला, सुमनबाईंना धास्ती होती ती त्याचीच.

यादोराव तीस वर्षं तिरोड्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का, निघालेल्या कागदावर जावकचा. या दोन शिक्क्यांच्या बळावर जगातली कोणतीही यंत्रणा आपल्याला कळते, असा त्यांचा समज. २००६ साली निवृत्त झाले आणि महिन्याभरात एका राईस मिलच्या मागं पडलेला तीनचाकी टेम्पो घरी घेऊन आले. पत्रा चाळणीसारखा. पण इंजिन म्हणे बघा! "एका सिलिंडरचं डिझेल आहे. जुनं. असं आता बनत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. (का बनत नाही, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.) इंजिन ड्रायव्हरच्या पायाशी, झाकणाखाली. ते झाकण उघडून यादोराव रोज सकाळी इंजिनाला रॉकेलच्या फडक्यानं पुसत. सुमनबाईंची शिलाई मशीन दोन वर्षांपासून तेलाच्या थेंबासाठी कण्हत होती, ती मात्र त्यांना ऐकू येत नव्हती.

टेम्पो अंगणात ओसरीकडं तोंड करून उभा असे. बाजेवर पडल्यापडल्या त्याचा चेहरा दिसावा म्हणून. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी यादोरावांनी त्याला झेंडूची माळ घातली, आणि दुपारभर टेम्पोतला टेप लावून गावाला गाणी ऐकवली. सकाळी साडेनऊला चावी फिरवली तर आतून एकदाच टिक झालं. बॅटरी गाण्यांतच संपली होती.

पाहुण्यांची बस दहाची. शेजारचा बिसराम म्हणाला, लोटून सुरू करू. पण टेम्पोसमोर ओसरीची भिंत. म्हणून बिसराम आणि मांडवाची दोन माणसं पुढच्या बाजूला उभी राहिली आणि त्यांनी टेम्पो मागं लोटला. गिअर टाकून लोटायचं आणि मग क्लच सोडायचा, हे यादोरावांना माहीत होतं. मागं लोटताना मागचाच गिअर टाकायचा असतो, हे माहीत नव्हतं. त्यांनी ऐटीत पहिला टाकला आणि क्लच सोडला.

इंजिन धडधडून सुरू झालं. पण फिरायला लागलं ते उलटं.

आधी झाकणाखालून धूर आला. सायलेन्सरनं टाकायचा तो सगळा काळा धूर हवेच्या नळीतून यादोरावांच्या तोंडावर आला. साक्षगंधासाठी घेतलेला नवा पांढरा शर्ट होता. त्यांनी खोकत पुन्हा पहिला गिअर टाकला, आणि टेम्पो मागं निघाला, थेट तणसीच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगात. जोर कमी पडला असेल म्हणून त्यांनी दुसरा टाकला. टेम्पो आणखी आत गेला.

सुमनबाई पदर खोचून बाहेर आल्या. चुलीत फुंकणी घालून जन्म काढलेली बाई. फुंकायचं कुठून आणि धूर निघतो कुठून, एवढं तिला पुस्तक न वाचता कळतं. सायलेन्सरच्या तोंडाशी तणसाच्या काड्या आत ओढल्या जात होत्या. त्या त्यांनी बघितल्या, नवऱ्याचं तोंड बघितलं.

"हे उलटं झालं जी," त्या म्हणाल्या. "शेपटीनं श्वास घेऊन राहिलं अन् तोंडानं सोडून राहिलं."

"तुले इंजिनातलं काय समजते?"

"इंजिनातलं नाई समजत. आवक-जावकातलं समजते. बंद करा अन् टेकचंदले बोलवा."

यादोरावांनी बंद केलं नाही. बंद केलं तर सुरू होईल याचा भरवसा नव्हता, आणि जीप बोलावली तर गाव काय म्हणेल. मग सुमनबाईंनीच जाताजाता सांगितलं की इंजिन उलटं फिरून राहिलं तर मागचा गिअर टाका, गाडी समोर जाईल. बायको आत जाईपर्यंत यादोराव थांबले (तिचं ऐकताना कोणी बघू नये), मग मागचा गिअर टाकला. टेम्पो तणसीतून शहाण्यासारखा समोर आला.

"मले माहीतच होतं," ते बिसरामला म्हणाले.

आता हिशेब असा झाला, की समोर जायला एक गिअर आणि मागं जायला चार. फाटा तीन किलोमीटर. कालव्याच्या पाळीवरून टेम्पो चालत्या माणसाच्या वेगानं निघाला. बैलबंडी पुढं गेली. एक म्हातारी मोळी घेऊन पुढं गेली, आणि वर विचारून गेली की काऊन जी, दुखून राहिलं का काही.

फाट्यावर पाहुणे पाऊण तास उभे होते. केवळराम, त्यांच्या बायको सावित्रीबाई आणि रत्नपाल. समोरून काळ्या तोंडाचा, डोक्यात तणस अडकलेला माणूस उतरला आणि त्यानं जयभीम केला, तेव्हा हेच आपले इवाई, स्नेहलचे वडील, हे कळायला केवळरामांना थोडा वेळ लागला.

रत्नपालनं कान देऊन इंजिन ऐकलं.

"मामाजी, हे उलटं फिरून राहिलं. तेल वर चढत नसंल. बंद करा."

खरं बोलायची ही शेवटची संधी होती. यादोरावांनी ती जावक केली.

"हे असंच असते, जावईबापू. दोन्हीकडून चालते. खास मॉडेल आहे."

रत्नपाल मास्तर माणूस, चूक करणाऱ्याला चूक पुरी करू द्यायची सवय. पण केवळरामांनी मुलाकडं असं बघितलं, की यादोरावांनी घाईघाईनं घड्याळ बघितलं. वेळ टळून चालली होती. आल्या वेगानं परत गेलो तर दुपार होईल. तेवढ्यात यादोरावांना ती अक्कल सुचली. मागं जायला चार गिअर आहेत ना, मग मागंच जाऊ.

पाहुणे सतरंजीवर बसले. यादोरावांनी तिसरा गिअर टाकला, आणि टेम्पो पाठमोरा वाऱ्यासारखा घराकडं निघाला. पाहुण्यांना सगळा रस्ता दिसत होता, ड्रायव्हरला पाहुण्यांची डोकी सोडून काही दिसत नव्हतं. केवळराम ओरडून डावं सांगत, ते यादोरावांचं उजवं निघे. समोरचं एकुलतं चाक आता मागून शेपटीसारखं हलत होतं. एका वळणावर कालव्याचं पाणी केवळरामांनी इतक्या जवळून बघितलं की त्यातले मासे मोजता आले असते. सावित्रीबाईंनी डोळे मिटले ते मांडवातच उघडले.

मांडवाच्या दारात सुमनबाई पाय धुवायला पाण्याचा गडवा घेऊन उभ्या होत्या. टेम्पो पाठ पुढं करून आला, स्वागताची कमान घेऊन आत शिरला, आणि इंजिनात एकदाच कट्ट झालं. मग शांतता. बिनतेलाचं इंजिन जाम झालं ते कायमचं.

केवळराम खाली उतरले. टोपी वाकडी, गळ्यात कमानीचा झेंडू. आत स्नेहल दाराच्या फटीतून बघत होती.

"इहीणबाई," केवळराम सावकाश म्हणाले, "या घरात ताळमेळ आहे का कोणापाशी?"

"आहे जी. तो माह्यापाशी आहे. यायच्यापाशी इंजिन होतं, ते आत्ताच गेलं."

कोणीतरी हसलं. केवळराम हसले नाहीत. रत्नपाल मात्र सायलेन्सरपाशी वाकला होता. त्यानं आतून तणसाचा बोळा ओढून काढला आणि विचारलं, उलटं चालते हे घरी कोणाले समजलं होतं का? बिसरामनं बोटानं सुमनबाईंना दाखवलं. सुमनबाईंनी गडवा खाली ठेवून काड्यांचं आणि फुंकणीचं सांगितलं. लपवलं काही नाही, नवऱ्यालाही झाकलं नाही.

केवळरामांनी मुलाला बाजूला घेतलं, पण आवाज त्यांचा मोठा, सगळ्या मांडवानं ऐकलं.

"एकच सांग. मुलगी बापावर गेली का आईवर?"

"आईवर," रत्नपाल म्हणाला.

"मंग बसा," केवळराम म्हणाले, आणि पाय पुढं केला.

साक्षगंध पार पडलं. यादोराव एका कोपऱ्यात साबणानं तोंड धूत बसले होते. अंगठी घालायच्या वेळी सापडले नाहीत, शर्ट तेवढा दोरीवर दिसला.

ते इंजिन रत्नपालनं आयटीआयसाठी मागून नेलं. आपलं इंजिन सरकारी संस्थेत ठेवलं म्हणून यादोराव आठ दिवस छाती काढून हिंडले, आणि नवव्या दिवशी स्वच्छ कपडे घालून, गोंदियाचा फोटोवाला सोबत घेऊन तिथं गेले. इंजिन टेबलावर मांडलं होतं. त्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढला, चौकट करून घरी आणला आणि ओसरीत लावायला खिळा मागितला.

सुमनबाईंनी चष्मा लावला. फोटोत इंजिनाखाली पाटी होती, यादोरावांनी ती शोभेची समजून नीट दिसेल अशी घेतली होती. सुमनबाईंनी ती मोठ्यानं वाचली: "आवक-जावक उलटल्यामुळे बाद झालेला नमुना. भेट: श्री. यादोराव, निवृत्त आवक-जावक कारकून."

यादोराव खिळा हातात धरून उभे राहिले.

"कुठं लावू?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"लावा ना ओसरीतच," सुमनबाई म्हणाल्या. "तोंड भिंतीकडं करून. गाडी लावत होते तसं."