लेंडीच्या पात्रातली पांढरी रेघ

सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधून वीरभद्र सर नदीकाठच्या रानातून चालले होते. चिंधी वर आली की एक, पुन्हा वर आली की दोन. असे एकोणीसशे चार फेरे मोजायचे होते. मध्ये कोणी "रामराम मास्तर" म्हटलं की आकडा चुके आणि सर सायकल वळवून पुन्हा टाकळीच्या चावडीपासून सुरुवात करत. तिसऱ्या खेपेला त्यांनी गावात सांगून ठेवलं की आज कोणी रामराम करू नये. त्यामुळे सगळ्या गावाला कुतूहल लागलं.

भानगड अशी होती. लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरात होत्या, पण कागद जोरात निघत होते. त्यातला एक टाकळीच्या हायस्कुलात आला. मुलींची जिल्ह्याची चार किलोमीटरची शर्यत घ्यायची आहे, "नदीखोऱ्यातील निसर्गरम्य मार्ग" सुचवावा. टाकळीला नदी होती. नाव लेंडी. पावसाने सलग दुसऱ्या साली पाठ फिरवल्याने पौषातच ती आटली होती, आणि निसर्ग म्हणावा तर दोन्ही काठांना बाभळी होत्या. तरीही सरांनी पत्राला होकार कळवला, त्याला कारण होतं.

कारणाचं नाव शिवकांता. दहावीतली ही मुलगी पळायला लागली की बघणारा हातातलं काम विसरे. पण तिचे वडील, किराणा दुकानदार गुरुलिंग आप्पा, एका शब्दावर अडून बसले होते.

"टाकळीच्या शिवारात पळू द्या, मी न्हाई म्हणत न्हाई," त्यांनी सरांना सांगितलं होतं. "शीव ओलांडून पोरगी पळाया जाणार न्हाई. मग ते लातूर असू द्या न्हाई तर दिल्ली."

म्हणजे शर्यत टाकळीत झाली तरच शिवकांता पळणार. सरांनी मोजणी पुरी केली, गावालगतच्या रानांतून जाऊन परत येणारा चार किलोमीटरचा मार्ग ठरवला आणि सोमवारी त्यावर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची सुरेख रेघ मारली. गुरुवारी क्रीडा अधिकारी मार्ग बघायला येणार होते.

मंगळवारी सकाळी सर रेघ बघायला गेले, तर लिंबाजीच्या ज्वारीच्या कडेची रेघ तिथे नव्हती. ती बांधापलीकडे, शेजारच्या रानात होती. तशीच पांढरी, तशीच सरळ. सरांना वाटलं, आपणच चुकलो असू. बुधवारी सकाळी ती आणखी एक रान सरकली होती. आता मात्र सरांना राग यायच्या आधी नवल वाटलं. इतक्या नेटकेपणाने रेघ सरकवणारा माणूस गावात आहे आणि शाळेचं मैदान आखायला आपण वर्षानुवर्षं एकटेच वाकतो, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

रेघ पुन्हा मारायला फक्की हवी म्हणून ते आप्पांच्या दुकानात गेले.

"संपली," आप्पा म्हणाले.

"सगळी?"

"समद्या गावानं नेली. कुणाला गोठा पांढरा करायचाय, कुणाला न्हाणी." हे सांगताना आप्पा सरांकडे न बघता तराजू पुसत होते. त्यांच्या धोतराच्या काठाला पांढरं लागलेलं होतं.

सर दुपारी एका बाभळीआड जाऊन बसले. रेघ आता लिंबाजीच्याच दुसऱ्या तुकड्यात आली होती. ऊन उतरायच्या आत तो आला. हातात लिंबाचा डहाळा आणि तळाला भोकं पाडलेला तेलाचा डबा. डहाळ्याने त्याने जुनी रेघ झाडून टाकली आणि डबा हलवत हलवत नवी मारू लागला. हात असा बसलेला की सरांना बघत राहावंसं वाटलं.

"लिंबाजी, हे काय चालवलंयस?"

लिंबाजी दचकला नाही. उलट त्याने सरांना जवळ बोलावलं. "मास्तर, आता खरं सांगा. क्यानॉल कवा येणार?"

"कसला क्यानॉल?"

"हाच की. तुम्ही फक्की मारली तो."

"अरे, इथून पोरी पळणार आहेत."

लिंबाजी समजूतदारपणे हसला. "हाव, हाव. वरून सांगू नका म्हणले असतील. पण मास्तर, आम्ही काय येडे हाव का? सायकलीनं जमीन मोजली. रामराम बंद केला. फक्की मारली. वरून सायब येणार. एवढं समदं पोरी पळवायला कोण करतंय? नवा जिल्हा झालाय, कायतरी येणारच."

"बरं, क्यानॉल आहे असं धर. मग तुला नको का पाणी?"

"पाणी पायजे की. जमीन जाया नको. क्यानॉल शेजाऱ्याच्या रानातून जावा, आपल्या बांधाला लागून. मग पाणीबी आपलं, जमीनबी आपली."

हे शहाणपण एकट्या लिंबाजीला सुचलं असतं तर निभावलं असतं. पण ते सगळ्या गावाला सुचलं होतं. ज्याच्या रानात रेघ आली त्याने ती पुढच्याच्या रानात ढकलली होती, आणि पुढचं रान म्हणजे नदीच्या बाजूचं. सगळ्यात शेवटी, अगदी काठावर, आप्पांचं रान होतं.

गुरुवारी सकाळी सर क्रीडा अधिकाऱ्यांना घेऊन आले तेव्हा एकाही रानात रेघ नव्हती. मार्गच नाही म्हटल्यावर शर्यत उदगीरला जाणार, आणि शिवकांता दुकानात बसून गूळ बांधणार. ते काठापर्यंत गेले आणि थांबले. रेघ खाली होती. लेंडीच्या कोरड्या पात्राच्या मधोमध, वाळूतून, वळणावळणाने ती पार दिसेनाशी होईपर्यंत गेली होती. नदी कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, त्यामुळे तिथून पुढे रेघ ढकलायला कुणी उरलं नव्हतं.

साहेब तरुण होते आणि पुण्याकडून नुकतेच आले होते. त्यांनी चौफेर बघितलं. "मार्ग छान आहे. पण नदी कुठे आहे?"

"साहेब, आपण उभे आहात तीच."

साहेबांनी बुटांखाली बघितलं, मग कागदात बघितलं. "म्हणजे तुम्ही मार्ग थेट नदीतूनच काढलात? बाकीच्यांनी नुसते डांबरी रस्ते पाठवलेत हो." ते खूश झाले आणि फीत काढून स्वतः मोजायला लागले. पात्रातच लावलेल्या टरबुजाच्या वाडीपाशी, जिथे गावकऱ्यांची फक्की संपली होती, तिथे तीन किलोमीटर दोनशे मीटर भरले.

वाडीवाला खाजाभाई उठून पुढे आला. "सायब, आमच्या वाडीतून न्या की. जमीन आमची न्हाई, नदीची हाय. पण पाणी आलं तर टरबूज आमचंच."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी वाडीला वळसा घातला, उरलेले आठशे मीटर नदीतूनच पुढे मोजले आणि एका महादेवाच्या देवळापाशी निशाण रोवलं.

खाजाभाईच्या वाडीच्या पुढच्या वळणावर टाकळीची शीव संपत होती. नुसती शीवच नाही, लातूर जिल्हाही संपत होता. देऊळ मुखेड तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्यातलं. नव्या जिल्ह्याची पहिली शर्यत शेजारच्या जुन्या जिल्ह्यात संपणार होती. साहेबांकडे अजून नकाशा आला नव्हता. सरांनी तोंड उघडलं, शिवकांता आठवली आणि तोंड मिटलं.

शर्यतीच्या दिवशी बावीस मुली आल्या. लातूरच्या मुलींच्या पायांत पांढरे बूट होते. शिवकांता अनवाणी होती. आप्पा पाण्याचा तांब्या घेऊन काठावर उभे होते.

"शिवारातच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नदीतूनच आहे, आप्पा," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शिट्टी झाली. पहिल्या शंभर पावलांतच बूट वाळूत रुतायला लागले. शिवकांताचं तसं नव्हतं. पात्रातल्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून गेलं वर्षभर ती रोज दोन घागरी आणत होती. वाळू कुठे भुसभुशीत आणि कुठे घट्ट हे तिच्या तळव्यांना ठाऊक होतं. वळणावर ती चौथी होती. मग दिसेनाशी झाली.

आप्पांना राहवेना. एवढं वळण बघू म्हणून ते काठाच्या सरळ वाटेने चालले. वळणापलीकडे ती दुसरी होती आणि पुढे आणखी एक वळण होतं. आप्पांनी धोतर खोचलं. त्या वळणानंतर पुढच्या मुलीत आणि तिच्यात फक्त सावलीएवढं अंतर होतं, आणि तिथेच बाभळी आडव्या आल्या. आता आप्पा पळायला लागले. खाजाभाईने वाडीतून हाक मारली, "आप्पा, कुठं?" आप्पा म्हणाले, "आलोच." असं त्यांनी आयुष्यात फक्त गिऱ्हाइकाला म्हटलं होतं.

देवळापाशी निशाण होतं. शिवकांता तिथे पहिली पोचली. मागोमाग काठावरून आप्पा उतरले, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. दम टाकायला ते एका दगडाला टेकले. जरा वेळाने त्यांनी सवयीने दगडावरची अक्षरं वाचली. ता. मुखेड, जि. नांदेड.

सर लांबूनच बघत होते.

"शिवकांते, शीव मागंच राहिली की."

"हाव आप्पा."

"तू बघितली व्हतीस?"

"हाव. पण तुम्ही संगं व्हता."

आप्पांनी देवळाकडे तोंड करून हात जोडले. महादेवाला काय सांगितलं ते कळलं नाही, पण वेळ लागला. तेवढ्यात सर जवळ आले आणि धीर करून म्हणाले, "आप्पा, पंधरा दिवसांनी औरंगाबादला विभागीय शर्यत आहे."

आप्पांनी सरांकडे बघितलं. मग दगडाकडे. मग आपल्या पायांकडे, ज्यांना बऱ्याच वर्षांनी वाळू लागली होती.

"तिथं नदी हाय?"

"आहे."

"काठ कसा हाय मास्तर? पळाया येतंय का?"

सरांनी औरंगाबाद एकदाच बघितलं होतं, तेही बसस्थानकापुरतं.

"येतंय की," ते म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली. तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं, ते त्यांनी लेकीला दिलं.