थोरला टर्बो बसविला, त्याची हकीकत

श्रीघाटेश्वर समर्थ. लेखणी चालते ती त्याचे कृपेनें, आणि हात कांपतो तो आमचे कर्मानें. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयींचें वर्तमान ऐसें जे, एक राज्य होतें. त्याचें नांव लिहीत नाहीं, कारण लिहिणारास त्याच राज्यांत अजून राहणें आहे. राज्य लहान आणि सरकारस्वारीची गाडीही लहान, चार दारांची, डिझेलवर चालणारी. परंतु सरकारांचा मान मोठा, आणि तो दर साल षष्ठीस घाटमाथ्यावर जोखला जात असे. रीत ऐसी होती कीं, माथ्यावरील देवाचे यात्रेस आमचें राज्य आणि पलीकडील राज्य, दोहींकडील स्वाऱ्या सकाळीं पायथ्यापासून निघाव्या, आणि ज्याची गाडी आधीं माथा गांठील त्यानें देवापुढें पहिला नारळ फोडावा. हा मान तीन सालें पलीकडील राजे यांनीं नेला, आणि गेले सालीं तर सातवे वळणावर आमचे गाडीस मागें टाकितांना त्यांनीं खिडकींतून हात हलवून हंसून दाखविलें. मग सरकार वाड्यांत परतले आणि दोन दिवस जेवले नाहींत, आणि दरबारांत कोणाची छाती होईना कीं घाट हा शब्द उच्चारावा.

मग या सालीं दिवाण बाळकोबा यांनीं बातमी आणिली कीं, पलीकडील गाडीस बाहेरून आणविलेला नवा टर्बो चढविला आहे. टर्बो म्हणजे एंजिनाचा भाता. एंजिनाचा धूर बाहेर पडतो त्याचे जोरें एक चाक फिरतें, आणि तें चाक दुसरे चाकास फिरवून हवा दाबून एंजिनाचे पोटांत घालितें, आणि हवा बहुत मिळाली म्हणजे डिझेलही बहुत जळतें आणि गाडी उसळते. आम्हांस इतकेंच कळतें, आणि तेंही दाऊदभाई शिकलगार यांनीं तीन वेळां सांगितलें म्हणोन. हे दाऊदभाई सरकारी गाडीखान्याचे उस्ताद, हातास काळें लागलेलें आणि बोलणें सरळ, म्हणोन दरबारांत त्यांस कमी बोलावीत. आणि गाडी हांकणार हैबतराव शेलार, ते आमचे जांवई, आमची एकुलती कन्या गोजरा हिचे यजमान. आम्ही दरबारचे चिटणीस. घाटाचें नांव निघालें कीं आम्ही कान टवकारीत असूं, तें याचकरितां. कारण गाडी सरकारांची असली तरी चाकामागें बसणारा माणूस आमचे घरचा होता.

मग दरबार भरला आणि चौरंगावर शालजोडी अंथरून तीन टर्बो मांडिले, आणि दाऊदभाई पुढें येऊन हात जोडून बोलिले, "सरकार, हा धाकटा, मुळांत होता तसलाच, नवा. घाटांत पाय दिला कीं लगेच उठतो. हा मधला, ह्याचें घर तेंच पण आंतलें चाक मोठें, एंजिन तेवढें सोसेल. आणि हा थोरला, ट्रकाच्या घराण्यांतला. हा आधीं झोंपून राहतो, आणि जागा झाला म्हणजे एकदम अंगावर येतो. आमच्या एवढ्याशा एंजिनाला मी तो सुचविणार नाहीं." सरकारांनीं तिन्हींकडे बहुत वेळ पाहिलें, आणि उजवा हात मधल्याकडे किंचित गेला, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तों दिवाण बाळकोबा खाकरले आणि म्हणाले, "दाऊदभाई म्हणतात तें बरोबरच असेल. पण पलीकडच्यांनीं कोणता बसविला, हें कोणास ठाऊक आहे? त्यांनीं थोरला बसविला असेल आणि सरकारांचे गाडींत मधला निघाला, तर लोकांत काय बोललें जाईल, तें मी आपल्या तोंडानें बोलूं शकत नाहीं." आणि सगळा दरबार शालीकडे पाहूं लागला. मग सरकारांनीं हात मागें घेतला आणि थोरल्यावर ठेविला, आणि तो निवडला गेला. गाडीस काय सोसेल हें कोणी विचारिलें नाहीं, राजास काय शोभेल हें मात्र सर्वांनीं विचारिलें. हा आमचे राज्याचा जुना रोग आहे.

दाऊदभाईंनीं हुकूम म्हणोन थोरला बसविला, आणि दुसरे दिवशीं दफ्तरांत येऊन आमचे हातीं एक कागद दिला, आणि म्हणाले, "चिटणीसजी, हें सरकारांना वाचून दाखवा. हुकुमाची बाब, हांकणाऱ्याला मी परस्पर सांगूं शकत नाहीं. ह्या टर्बोला तेल लागतें, आणि तें तेल परत खालीं जायला मोठी नळी लागते. नळी मागविली आहे, यायला वीस दिवस. तोंवर जुन्या बारीक नळीवर ठेवलाय. गांवांत फिरवा, पण घाट चढवूं नका. तेल तुंबलें तर हवेच्या वाटेनें एंजिनांत शिरेल, आणि मग एंजिन डिझेल सोडून स्वतःचें तेल पिऊन धांवत सुटेल. किल्ली काढलीत तरी थांबणार नाहीं." आम्हीं विचारिलें, मग करावें काय. तर म्हणाले, "शेवटच्या ओळींत लिहिलंय. पण तेवढ्यावर वेळ येऊं देऊं नका." आम्हीं कागद घेतला, आणि त्याच घडीपासून आमचे पाचावर धारण बसली.

आतां भित्रा म्हणाल तर म्हणा, परंतु चाल ऐका. या दरबारीं वडिलांपासून शिरस्ता ऐसा कीं, हुजुरांस आधीं प्रिय मजकूर वाचावा, अप्रिय तो विड्यानंतर. आणि विडा मुखीं घालतांच सरकार उठत. येणेंकरून चाळीस वर्षांत अप्रिय म्हणोन या दरबारांत कांहीं वाचिलेंच गेलें नाहीं, आणि राज्य बहुत सुखी आहे ऐसें दफ्तरीं नमूद आहे. त्याप्रमाणें आम्हीं पहिले दिवशीं कागद विड्यानंतरचे गठ्ठ्यांत ठेविला, आणि विडा आला आणि सरकार उठले. दुसरे दिवशीं तोच कागद वर ठेविला, आणि विडा आला आणि सरकार उठले. मग चौथे दिवशीं आम्हीं दिवाणांस एकीकडे गांठून म्हटलें, कीं कागद नाजूक आहे. तर बाळकोबा हंसले आणि म्हणाले, "चिटणीस, तुमचे आधींचे चिटणीस कुठें गेले, आठवतंय ना? त्यांनाही असाच एक कागद नाजूक वाटला होता." मग आम्हीं कागद गठ्ठ्यांतून काढून आपलेजवळ ठेविला. पंचमीचे संध्याकाळीं कन्या गोजरा घरीं आली आणि म्हणाली, "बाबा, ह्यांना उद्यां घाट आहे. त्या नव्या टर्बोचं सगळं नीट आहे ना? दाऊदभाई दोन दिवस ह्यांच्या नजरेला नजर देत नाहींत." आम्हीं म्हटलें, सगळें पाहिलें आहे, तूं घरीं जा. आणि ती गेली, आणि कागद आमचे सदऱ्याचे खिशांत होता. हें लिहितांना लाज वाटते, पण लिहिलें.

षष्ठीस सकाळीं स्वारी निघाली. सरकार पुढें, हैबतरावांचे शेजारीं. मागें दिवाण आणि वेळ नोंदण्याकरितां आम्ही. पायथ्यास पलीकडील गाडी आमचेआधीं निघाली, आणि हैबतराव शांतपणें मागें लागले. पहिलीं चार वळणें थोरला झोंपलाच होता, गाडी म्हशीसारखी चढली, आणि सरकारांची मर्जी खफा होऊं लागली. पांचवे वळणास तो जागा झाला. पाठ आसनांत रुतली, आणि झाडें एकमेकांत मिसळलीं, आणि सहावे वळणाआधींच पलीकडील गाडी आमचे डावीकडून मागें गेली, आणि सरकारांनीं खिडकींतून हात बाहेर काढून हलविला. दिवाण म्हणाले, वाहवा. आम्ही मात्र मागचे काचेंतून पाहत होतों, आणि मागें निळा धूर इतका कीं रस्ता दिसेना. मग हैबतरावांनीं वळणाकरितां पाय काढिला, आणि आवाज खालीं न येतां वर चढला. त्यांनीं क्लच दाबिला, तर एंजिन किंचाळूं लागलें. त्यांनीं ब्रेक दाबून गाडी कशीबशी सातवे वळणावर थांबविली, ती सरकारांचें दार दरीकडचे कठड्यास टेकून, आणि किल्ली फिरवून बाहेर काढिली, आणि एंजिन थांबलें नाहीं. किल्ली त्यांचे हातांत होती आणि एंजिन ओरडत होतें. बॉनेटचे फटींतून धूर येऊं लागला आणि पायांखालचा पत्रा थरथरूं लागला. दिवाण बाळकोबा आपले बाजूचें दार उघडून उतरले आणि पायवाटेनें चालूं लागले, मागें पाहिलें नाहीं.

हैबतराव म्हणाले, "सरकार, तुमचं दार उघडायचं नाहीं. मागं सरकून मागच्या दारानं उतरा. मामा, तुम्हीही उतरा." आम्हीं म्हटलें, आणि तुम्ही? ते म्हणाले, "हातब्रेक ह्या चढाला पुरत नाहीं. सरकार उतरेपर्यंत मला पाय काढतां यायचा नाहीं." ते हें ऐसें बोलिले जैसें कोणी भाजी संपली आहे सांगावें. आणि सरकार अंगानें थोर, दोन आसनांमधून निघेनात, आणि आवाज आणखी वर गेला, आणि त्या आवाजांत आंत कांहींतरी ठिणग्यांसारखें तडतडूं लागलें. आम्हीं खिशांतील कागद काढिला. आणि आमचें तोंड उघडलें तें चाळीस वर्षांचे संवयीनें, "श्रीमंत सकलगुणालंकृत, अखंडितलक्ष्मीप्रसन्न," ऐसें म्हणत. बोबडी वळलेली, तरी पदव्या मात्र एकेक बरोबर येत होत्या. सरकार आसनांमध्यें अडकलेले, वळून ओरडले, "चिटणीस, पुढचं वाच."

मग आम्हीं सगळें सोडून शेवटची ओळ वाचिली, कीं पाचवा गिअर टाकावा, ब्रेक जोरानें दाबून धरावा, आणि क्लच एकदम सोडावा, म्हणजे एंजिन गुदमरून मरेल. हैबतरावांनीं पुन्हा विचारिलें नाहीं. गिअर टाकिला, ब्रेकवर उभे राहिल्यासारखा जोर दिला, आणि क्लच सोडिला. गाडीनें एक हिसका दिला, कठडा करकरला, आणि एंजिन थांबलें. मग घाटांत पांखरें ऐकूं येऊं लागलीं. पलीकडील गाडी शेजारून हळूच वर गेली, आणि तींतून या वेळीं कोणीं हात हलविला नाहीं.

मग हैबतरावांनीं मागें हात केला आणि म्हणाले, "मामा, तो कागद बघूं." आम्हीं दिला. त्यांनीं वरपासून खालपर्यंत वाचिला, आणि वरील तिथीवर बोट ठेविलें. "हा अकरा दिवसांमागचा आहे." आम्हीं मान हलविली. "गोजरेनं काल विचारलं होतं तुम्हांला." आम्हीं पुन्हा मान हलविली. ते रागें भरले असते तर बरें होतें. त्यांनीं कागद घडी करून परत दिला, हातब्रेक ओढून आणि गाडी गिअरांत तशीच ठेवून सरकारांस हात देऊन मागचे दारानें उतरविलें, चाकांस दगड लाविले, किल्ली सरकारांचे हातावर ठेविली, आणि घाट उतरून पायीं निघून गेले. सरकार किल्लीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "चिटणीस, हें आम्हांला आधीं कां नाहीं सांगितलंत?" आम्हीं सांगितलें कीं, विडा आला होता.

आठ दिवसांनीं आम्ही धीर करून कन्येचे दारीं गेलों. तिनें पाट मांडिला, पाणी दिलें, परक्यास द्यावें तसें, आणि उभ्यानेंच म्हणाली, "बाबा, एकच विचारतें. तुम्हांला सगळं ठाऊक होतं. मग ते अकरा दिवस तुम्हांला भीती कसली वाटत होती, ह्यांच्या जिवाची कीं सरकारांच्या रागाची?" खोटें बोलण्याची संवय होती, परंतु तिचे तोंडाकडे पाहून तें निघेना. आम्हीं म्हटलें, सरकारांचे रागाची. तिनें भांडें उचललें आणि आंत गेली, आणि आम्ही तेथें अंधारूं लागेपर्यंत बसलों, ती बाहेर आली नाहीं.

तात्पर्य इतकेंच जे, थोरला टर्बो उतरविला आणि दाऊदभाईंनीं धाकटा बसविला, गाडी ठीक चालते. सरकारांनीं हुकूम काढिला कीं येथून पुढें अप्रिय मजकूर आधीं वाचावा, आणि तेव्हांपासून अप्रिय ऐसें कोणी लिहूनच देत नाहीं. दिवाण बाळकोबा कायम आहेत. गाडी हांकणारे नवे आहेत, त्यांचें नांव आम्हीं विचारून घेतलें नाहीं. हैबतराव दाऊदभाईंजवळ हत्यारें हातीं धरूं लागले आहेत, आणि कन्येकडून आम्हांस संक्रांतीचे तिळगुळाचें बोलावणें आलें नाहीं. लेखनसीमा येथें केली, कारण पुढें लिहावें ऐसें आमचे घरांत आतां कांहीं घडत नाहीं.