शैलजाचं थंड, माझी दाढ

माझी बायको थंड खाते तेव्हा कळ माझ्या दाढेत येते. मी स्वतः बर्फ चघळला तरी मला काही होत नाही, म्हणजे दाढ तशी उत्तम आहे. लग्नापासून शैलजा माठातलं पाणीसुद्धा कोमट करून पीत आली. याबद्दल मी चारचौघांत तिचं नेहमी कौतुक करतो.

अडचण आली ती तिला नोकरी लागल्यावर. सांगलीतल्या एका डेअरीत आइस्क्रीम चाखून पास-नापास करायच्या जागेवर तिची निवड झाली.

"मला ही नोकरी पाहिजे," ती म्हणाली. ती सहसा काही पाहिजे म्हणत नाही.

मी मार्ग काढणारा माणूस आहे. आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे, शेंडुऱ्यांकडे गेलो. त्यांनी शैलजाला खुर्चीत बसवून तिच्या दाढेवर गार हवा सोडली. स्टुलावर बसलेला मी कळवळलो.

"घास भरवताना होतं हे," डॉक्टर म्हणाले. "लग्नात फोटोसाठी घास तोंडात धरून ठेवला असणार. काय होतं?"

"जिलेबी."

"मग बरोबर. जिलेबीत हमखास होतं."

त्यांनी हात धुतले आणि उपाय सांगायला घेतले. "आधी पेस्ट. झोंबणाऱ्या दातांची वेगळी मिळते. मऊ ब्रशनं, जोर न लावता, सकाळी आणि झोपताना. गुण यायला काही आठवडे लागतात."

"घासायचं कुणी?" मी विचारलं.

"त्यांनी. चूळ तुम्ही भरा, पण बेताची. दुसरा उपाय फ्लोराइडचा लेप. हिरडी सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तिथं फिलिंग. आणि कशानंच भागलं नाही तर रूट कॅनाल. नस काढली की कळ बंद."

मला हे एकदम पटलं. एकदाच काय ते करून टाकू, असं मी म्हणणार होतो.

"नस कुणाची?" शैलजाने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दाढ यांची. पण तुमचा गारवा तिथूनच येतो-जातो. नस काढली की कुल्फी तुम्हाला भातासारखी लागेल."

शैलजा माझ्याकडे न बघता पर्सची चेन उघडझाप करत राहिली. मला तिची दया आली आणि थोडी स्वतःचीही.

"लेप लावा," मी डॉक्टरांना म्हणालो. "पेस्टही घेतो. उरलेलं सोसतो."

"अहो, तिथं दिवसभर चाखायचं असतंय," शैलजा म्हणाली.

"दिवसभर सोसेन."

"आणि कटकट?"

"ती मी करणारच."

तिने जरा विचार केला. "चालतंय की," ती म्हणाली.

सोमवारी पतपेढीत एका आजोबांचं पासबुक भरत असताना अशी कळ आली, की मी काउंटर गच्च धरला. शेजारच्या कोरेबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"काय झालं वो?"

"मिसेस कामावर रुजू झाल्या," मी म्हणालो. त्यांनी अभिनंदन केलं.

चाखणारे लोक चमचाभर चव घेऊन लगेच थुंकतात, म्हणून सकाळभर कळा आखूड होत्या. दुपारी मात्र एक आली ती थांबेचना. पार कानापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती चालूच होती. शैलजाने ते आइस्क्रीम थुंकलं नव्हतं, सावकाश खाल्लं होतं. मला फार बरं वाटलं.