मोजणीदारांचं टेबल

खुर्चीत ताठ बसले की माझं कोपर जमिनीपासून बरोबर साडेपंचवीस इंचांवर येतं. ही माहिती माझ्या डॉक्टरकडे नाही, नवऱ्याकडे तर नाहीच नाही. ती आहे आमचे शेजारी मनोहरराव चिंचोलीकर यांच्या वहीत, आणि आकड्याखाली त्यांनी माझी सहीसुद्धा घेतली आहे.

चिंचोलीकरकाकांचा जन्म सरकारी मोजणीदार म्हणून गेला. करमाडपासून दौलताबादपर्यंत कुणाचा बांध किती सरकला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. निवृत्त झाले, पण खिशातली टेप काही निवृत्त झाली नाही. आम्ही गारखेड्यातल्या या घरात आलो त्या दिवशी सामान उतरत होतं. काका आले. नाव नाही, गाव नाही, आधी आमचा दरवाजा मोजला, मग फ्रिज मोजला आणि म्हणाले, "नाय जाणार." हमालांनी ऐकलं नाही. फ्रिजला तेव्हा पडलेला ओरखडा अजून आहे, आणि मी काकांना मानते तीही तेव्हापासूनच.

"मोजा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. मी एकदा "अंदाजे पाचला येते" म्हटलं, तर म्हणाले, "वर्षाताई, अंदाजानं कढी होते. माणसं वेळेवर येतात." काकू गेल्यापासून कढीही तेच करतात. ती मात्र खरोखर अंदाजानं झालेली असते.

तर या काकांनी गेल्या वर्षी टेबल करायला घेतलं. करायला म्हणजे नवं नाही. त्यांचे वडील, आप्पा, निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं कागद मांडायचं काम. त्यांचं जुनं सागवानी टेबल मागच्या खोलीत गोधड्यांखाली पडून होतं. लिहायला उतरती फळी, वर कागदांच्या कप्प्यांची मांडणी आणि दौती ठेवायला दोन गोल भोकं. या टेबलावर कॉम्प्युटर बसवायचा, असं काकांनी ठरवलं.

कारण होतं त्यांची धाकटी बहीण, कुसुमताई. कुसुमताई पुण्याला एकट्या राहतात, लग्न केलं नाही. लोकांचे मोडीतले आणि उर्दूतले जुने कागद वाचून कॉम्प्युटरवर टाइप करून देतात. आता दोघंही साठीच्या पुढं गेले, दोन ठिकाणी दोन कुकर कशाला लावायचे, असं काकांचं म्हणणं. कुसुमताईंनी फोनवर सांगितलं, "महिनाभर येऊन बघते, दादा. कामाला नीट जागा असली तर राहीन. नाय तर माझी पुण्याची खोली बरी." एरवी कुणालाही न घाबरणारा हा माणूस त्या 'नीट जागा' या दोन शब्दांनी पार हबकून गेला होता.

सुतारकाम त्यांना येत नव्हतं. ते शिकायला गुलमंडीच्या मागं करीममिस्त्रींच्या दुकानात जाऊ लागले. मिस्त्रींचं आणि त्यांचं रोज वाजायचं. हे टेप काढायचे, मिस्त्री लाकडावर तळहात फिरवायचे. "साब, लकडी नापने से नईं, हात फेरने से समझती." काका घरी येऊन मला सांगायचे, "लई अडाणी माणूस आहे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचे. चार महिन्यांत रंधा असा चालवायला लागले की लाकडाचे पापुद्रे लांबलचक निघायचे. त्यातला एक त्यांनी मला दाखवायला आणला होता, तोही मोजून.

आप्पांच्या लाकडाला नवं भोक पाडायचं नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा. मग वायरी खाली नेणार कुठून? दौतीच्या भोकांतून. एका भोकातून वीज, दुसऱ्यातून इंटरनेट. "शाई जाऊ शकते तर इंटरनेट का नाय?" असं त्यांनी मलाच विचारलं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसते, म्हणून या कामातली तज्ज्ञ मी. शिवाय उंचीनं कुसुमताईंएवढी. काकांनी कीबोर्डच्या सरकत्या फळीसाठी त्यांना फोन करून कोपराची उंची विचारली होती. त्या म्हणाल्या, "असेल अंदाजे दोन-सव्वादोन फूट." काकांनी फोन ठेवला आणि टेप घेऊन माझ्याकडे आले.

घात केला तो स्क्रीननं. खोक्यावर सत्तावीस इंच लिहिलं होतं. काकांनी मधले कप्पे काढून बरोबर सत्तावीस इंचांची जागा केली, वर एक सूतभर मोकळीक. सूत म्हणजे सुतारांच्या हिशेबात इंचाचा आठवा भाग. स्क्रीन ठेवला तर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच फट. मी त्यांना सांगितलं, स्क्रीन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोजतात. काकांनी टेप कोपऱ्यातून कोपऱ्यात लावली. बरोबर सत्तावीस.

"तिरका? तिरका मोजतात?" ते म्हणाले. "असं मी शेत मोजलं असतं, तर दोन्ही भावांनी मिळून मला विहिरीत टाकलं असतं."

दोन दिवस ते बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या फटींत दोन उभे, अरुंद कप्पे बसवले, जुने कागद गुंडाळून ठेवायला. मुद्दामच केल्यासारखे दिसतात. हे त्यांना सांगू नका, पण टेबलात सगळ्यात देखणे तेच आहेत.

शेवटी राहिली माऊसची छोटी फळी. कुसुमताई यायच्या आदल्या दिवशी मी बघायला गेले. पॉलिश झालेलं, पितळी कड्या लखलखणाऱ्या. काका बाजूला हात मागं बांधून उभे, जणू साहेबांची पाहणी चाललीय. मला खरंच भरून आलं. आणि मग दिसलं, की माऊसची फळी डाव्या बाजूला लागलीय.

"काका, माऊस उजव्या हातानं धरतात," मी म्हटलं.

एक सूत हललं तर घर डोक्यावर घेणारा माणूस नुसतं म्हणाला, "असू द्या." काका थकले, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई आल्या. मागच्या खोलीच्या दारात पोचल्या आणि तिथंच थांबल्या. "हेच टेबल, दादा?" त्या म्हणाल्या. "दुसरं घ्यायचं होतं."

काकांचा चेहरा उतरला. "बस तर खरं," ते म्हणाले.

त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, हात मांडीवर. काकांनी कॉम्प्युटर चालू केला. मग कुसुमताईंचा डावा हात सवयीनं उठला, फळीवरच्या माऊसवर गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या हातानं त्यांनी फळीची कड चाचपली.

मग माझ्याकडे वळल्या. "मी डावरी. ह्याच टेबलावर मला उजव्यानं लिहायला शिकवलं. आप्पा म्हणायचे, डाव्या हातानं सरस्वती येत नाय. डावा हात वर आला की रूळ बसायचा. रूळ दादाच्या हातात द्यायचे." मग म्हणाल्या, "तोही लहानच होता. आप्पांनी सांगितलं होतं त्याला."

"सांगितलं आप्पांनी," काका म्हणाले. "मारलं मी. चुकलंच माझं, कुसुम."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही मोजणीत चूक कबूल न केलेला हा माणूस. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुला कसं कळलं?" कुसुमताईंनी विचारलं. "लिहिते तर मी अजून उजव्यानंच."

"दिवाळीला आलतो तुझ्याकडं. तू काम करू राहिली होती. पाह्यलं मी."

"कॉम्प्युटर शिकले तेव्हा मारायला कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. काकांना हसता आलं नाही. मग कुसुमताईंनी कीबोर्डची फळी पुढं ओढली, दोन्ही हात ठेवून पाहिले. "ही जरा उंच झालीय. अंदाजे दोन सूत."

'अंदाजे' ऐकूनही काकांनी खिशातली टेप काढली नाही. "उद्या सकाळी काढतो," म्हणाले.

"घाई नाय, दादा. मी आहे आता."

त्याला आठ महिने झाले. जुने कागद घेऊन दूरदूरची माणसं आता काकांच्या दारात येतात. आपला भाऊ कलेक्टर आहे, हे लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात काका दार उघडून त्यांना सांगतात, "बसा दोन मिनिटं. बहीण काम करू राहिली. डावरी आहे ती."